उंदरांसाठीचा ग्लू पॅड : कृपया विकत घेऊ नका

किराणा दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळणारा हा चिकट पुठ्ठा उंदीर पकडतो हे खरे. पण पाल, चिमणी, मांजरीचे पिल्लू किंवा उंदरामागे आलेली धामण, असे जे जे त्यावरून जाईल ते चिकटते आणि सुटण्याच्या धडपडीत कातडी सोलवटून, तहानेने तासन्‌तास तडफडत मरते. इतके क्रूर उत्पादन घरात ठेवण्याजोगे नाही.

भारतीय पशुकल्याण मंडळाने २०११ आणि २०२० मध्ये याविरुद्ध सूचना काढल्या, शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ प्राण्याला विनाकारण यातना देणे हा गुन्हा मानते. तरीही विक्री थांबत नाही, म्हणून आम्ही रहिवाशांनी सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलच्या करारातून हे पुठ्ठे वगळायला लावले आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मंडळाचे पत्र दाखवले. त्याने माल मागवणे बंद केले.

जाळीचा पिंजरा थोडा महाग पडतो, पण वर्षानुवर्षे टिकतो. मात्र तो रोज सकाळी तपासायलाच हवा आणि भिंतीतली बिळेही बुजवायला हवीत. पुठ्ठ्याला चिकटलेला जीव दिसला तर त्याला ओढू नका, खाद्यतेल हळुवार लावून पशुवैद्याकडे न्या. वन्यजीव असेल तर वनविभागाला १९२६ वर कळवा.