बागेत घेतलेल्या मुलाखती : नागपूरच्या एका वाचनालयाचा उपक्रम

नामवंत व्यक्तीची मुलाखत म्हटली की सभागृह, व्यासपीठ, शाल-श्रीफळ, लांबलेले प्रास्ताविक आणि त्याहून लांबलेले आभारप्रदर्शन हा क्रम नागपूरकरांच्या अंगवळणी पडलेला आहे. शहरातील एका वाचनालयाने आपल्या सभासदांसाठी चालवलेल्या मुलाखतमालेने तो पूर्णपणे मोडला आहे. पाहुण्याला बोलावण्याऐवजी सभासदांनीच त्याच्या घरी जायचे, त्याच्याबरोबर त्याच्या बागेत फिरायचे आणि झाडांच्या निमित्ताने त्याचे आयुष्य ऐकायचे, अशी ही योजना आहे. सत्रे खासगी घरांत होत असल्यामुळे यजमानांची नावे आणि पत्ते बाहेर देऊ नयेत, अशी आयोजकांची अट आहे. ती मला रास्त वाटते आणि म्हणून वाचनालयाचेही नाव मी येथे दिलेले नाही. दर महिन्याला एक सत्र, जास्तीत जास्त पंचवीस श्रोते, वार्षिक वर्गणी ६०० रुपये आणि सत्रानंतर आठवडाभरात मोबाइलवर येणारे ध्वनिमुद्रण, असा एकूण व्यवहार आहे. या पैशांत जे पदरात पडते ते पुष्कळ आहे, हे प्रारंभीच सांगतो. तरीही या मालेत एक मोठी उणीव आहे आणि ती दूर व्हावी, असे मला मनापासून वाटते.

मुलाखती घेण्याचे काम वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकेकडे आहे आणि मालेचे निम्मे यश त्यांच्या प्रश्नांत आहे. पुरस्कार, पदे आणि प्रेरणास्थाने यांविषयी त्या विचारत नाहीत. या आवारातले सर्वांत जुने झाड कोणते, ते कोणी लावले आणि येथे कोणते झाड जगले नाही, या तीन प्रश्नांनी त्या सुरुवात करतात. यांपैकी तिसरा प्रश्न मला विशेष मोलाचा वाटतो. व्यासपीठावर अनेकदा सांगून गुळगुळीत झालेली जीवनकथा या प्रश्नापुढे टिकत नाही. पाहुण्याला खरोखर आठवावे लागते, आणि आठवू लागला की तो सालासकट, माणसांसकट आठवतो.

सिव्हिल लाइन्समधील एका निवृत्त न्यायमूर्तींच्या बंगल्यावर झालेले सत्र याचा उत्तम नमुना होता. सिव्हिल लाइन्सची ऐसपैस आवारे, त्यांतील चिंचा आणि कडुनिंब हा नागपूर १९५६ पर्यंत राजधानीचे शहर होते त्या काळाचा वारसा आहे, आणि अशा आवारात जुन्या झाडांविषयीच बोलणे होईल अशी सर्वांची अपेक्षा होती. न्यायमूर्तींनी मात्र आपल्या बदल्यांचा विषय काढला. जिल्हा न्यायाधीश असताना दर काही वर्षांनी गाव बदलावे लागे, त्यामुळे सरकारी निवासस्थानाच्या अंगणात त्यांनी कधी शेवंती, कधी वांगी-टोमॅटो आणि फार तर पपई लावली. पपई वर्षाच्या आत फळावर येते, म्हणजे निदान दोन हंगाम तरी आपल्या वाट्याला येतात, असा त्यामागे हिशेब होता. एका गावी त्यांच्या पत्नीने हट्टाने फणसाचे रोप लावले आणि पहिले फळ धरण्याआधीच बदलीचा आदेश आला. त्या फणसाचे पुढे काय झाले हे त्यांना ठाऊक नाही, आणि ते पाहायला कधी गेलो नाही, हे सांगताना ते काही क्षण थांबले. निवृत्तीनंतर त्यांनी कलमी आंबा न लावता रायवळ आंब्याची कोय रुजवली. कलम चार-पाच वर्षांत फळते, कोयीच्या झाडाला त्याच्या जवळपास दुप्पट काळ लागतो, हे त्यांना चांगले माहीत होते. आता बदली होणार नाही, म्हणून सावकाश वाढणारे झाड लावण्याची इच्छा झाली, इतकेच त्यांनी सांगितले. न्यायालयीन कारकिर्दीविषयी त्यांनी स्वतंत्रपणे एक वाक्यही उच्चारले नाही आणि तरीही फिरतीच्या नोकरीने एका कुटुंबाकडून काय काय घेतले, ते त्या तासाभरात पुरते कळले.

काटोल तालुक्यातील संत्रा बागायतदाराकडे झालेले जानेवारीतील सत्र हे माझ्या मते संपूर्ण मालेतील सर्वोत्तम होय. राज्य पुरस्काराने गौरवलेल्या या शेतकऱ्याची बाग पाहून शहरातून गेलेली मंडळी प्रथम हिरमुसली, कारण पाने कोमेजलेली, किंचित पिवळी पडलेली होती आणि जमीन कोरडी होती. बागेला काही रोग आहे का, असे एका श्रोत्याने विचारलेही. तेव्हा बागायतदारांनी ताण म्हणजे काय ते समजावून दिले. आंबिया बहर, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणारा फुलोरा, घ्यायचा असेल तर डिसेंबरच्या मध्यापासून पाणी तोडतात. थंडी आणि पाण्याचा तुटवडा यांमुळे झाडाची पालवी वाढवण्याची घाई थांबते, अन्नसाठा फांद्यांत राहतो आणि पुढे मशागत करून, खत देऊन हलके पाणी सुरू केले की झाड फुलावर येते. पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या मृग बहरासाठी हेच काम उन्हाळ्यात करावे लागते आणि त्यात पावसाचा भरवसा धरावा लागतो. हलक्या-मध्यम जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत ओल धरून राहते म्हणून वाट पाहावी लागते. किती पाने कोमेजली की थांबायचे, हे प्रत्येक बागेत वेगळे असते आणि ते डोळ्यांनीच ओळखावे लागते.

येथून मुलाखत त्यांच्या वडिलांकडे वळली. वडिलांची बाग डिंक्याने गेली होती. बुंध्याची साल तडकून डिंक गळू लागतो, साल कुजते आणि काही वर्षांत झाड वाळते. हा बुरशीजन्य रोग विदर्भातील संत्रा उत्पादकांच्या घराघरांत परिचयाचा आहे. पूर्वी कलमाचा जोड मातीत गाडला जाई आणि पाणी थेट बुंध्याशी साचे, त्याने रोगाला वाटच मिळे. मुलाने बाग नव्याने उभी करताना जंभेरीऐवजी रंगपूर लाइम या लिंबाच्या खुंटावर, म्हणजे कलमाला मुळे पुरवणाऱ्या रोपावर, डोळा भरलेली कलमे आणली, कारण हा खुंट त्या रोगाला अधिक दाद देत नाही. कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर वर राहील अशी लागवड केली आणि बुंध्याभोवती दुहेरी आळे करून पाणी खोडापासून दूर ठेवले. प्रत्येक खोडावर हातभर उंचीपर्यंत निळसर पांढरा लेप होता. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांचे हे बोर्डो मलम ते पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर स्वतः लावतात, मजुरावर सोपवत नाहीत. जुनी बाग तोडली त्या दिवशी वडील शेतावर आले नाहीत, हे त्यांनी एका खोडावरचा सुकलेला लेप नखाने खरवडून दाखवता दाखवता सांगितले. नागपुरी संत्र्याला २०१४ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा बागेला काय उपयोग झाला, हा प्रश्नही मुलाखतकार बाईंनी विचारला आणि त्याचे उत्तर लांबलचक, व्यापाऱ्यांविषयीचे आणि फारसे आनंदाचे नसलेले होते. हा भाग ध्वनिमुद्रणातून कापलेला नाही, याबद्दल आयोजकांचे अभिनंदन केले पाहिजे.

धरमपेठेतील एका ज्येष्ठ रंगकर्मी बाईंच्या गच्चीवरील सत्र मे महिन्यात झाले. नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू व्हायचा होता, तरी पारा पंचेचाळिशीच्या घरात होता आणि हिरव्या जाळीखाली मोगरा मात्र भरभरून फुललेला होता. जानेवारीच्या अखेरीस त्या मोगऱ्याचे पाणी तोडतात, छाटणी करून उरलेली पानेही ओरबाडून काढतात आणि मग शेणखत देऊन पाणी सुरू करतात. काटोलला ऐकलेला ताण आणि गच्चीवरच्या कुंडीतला ताण एकच आहे, हे तेथे उपस्थित असलेल्या बऱ्याच श्रोत्यांच्या लक्षात आले आणि मालेतील सत्रे एकमेकांना अशी जोडली जातात, हा तिचा एक न जाहीर केलेला लाभ आहे. बाईंनी कुंड्यांच्या कडांवर जमलेला पांढरा थर दाखवला. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून त्या काही वर्षे ते झाडांना घालत असत. बोअरवेलचे पाणी मुळातच जड, त्यात कूलरमध्ये पाण्याची वाफ होऊन क्षार मागे उरतात, म्हणजे दिवसाअखेर टाकीत राहते ते अधिकच खारट पाणी. पानांच्या कडा करपू लागल्यावर त्यांना कारण उमगले. नागपुरात घरोघरी कूलर असल्यामुळे ही माहिती ऐकताना सर्वांनी माना डोलावल्या. नाटकाच्या दौऱ्यांवर असताना या बागेला पाणी कोण घालत असे, हा प्रश्न मुलाखतकार बाईंनी विचारला तेव्हा शेजारच्या वहिनींचे नाव पुढे आले. त्या वहिनी श्रोत्यांतच बसल्या होत्या आणि त्यांना पुढे बोलावून घेण्यात आले. पंधरा मिनिटे त्या दोघी एकमेकींची चूक काढत, एकमेकींना आठवण करून देत बोलल्या. एका नटीच्या भटक्या आयुष्याविषयी इतके खरे काही मी अन्यत्र ऐकलेले नाही.

सेवाग्रामला नेलेले सत्र थोडे वेगळे होते, कारण तेथे यजमान हयात नव्हता. १९३६ साली गांधीजींनी लावलेल्या पिंपळाखाली आश्रमातील जीवनाविषयी चर्चा झाली. ती अभ्यासपूर्ण होती, पण मालेच्या मूळ कल्पनेत बसणारी नव्हती.

आता उणिवेविषयी. शहरातील एका नामांकित शल्यचिकित्सकांच्या बंगल्यावर झालेले सत्र पूर्णपणे फसले. हिरवळ निर्दोष होती, गुलाबांचे वाफे आखीव होते, पण डॉक्टरांना त्यांतील एकाही गुलाबाचे नाव सांगता आले नाही, आणि ते अतिशय सज्जन असल्यामुळे त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. साहजिकच गाडी शिक्षण, परदेशगमन आणि रुग्णालयाची उभारणी या नेहमीच्या रुळांवर गेली. त्या सर्व वेळात बागेची देखभाल करणारे माळीकाका हातात पाण्याची नळी घेऊन दहा पावलांवर उभे होते. त्यांना एकही प्रश्न विचारला गेला नाही. हिरवळीला ऐन उन्हाळ्यात किती पाणी लागते, हेही कोणी विचारले नाही. पेंच आणि कन्हानच्या पाण्यावर जगणाऱ्या आणि दर उन्हाळ्यात टँकर पाहणाऱ्या शहरात हा प्रश्न सुटून जाणे मला खटकले. न्यायमूर्तींच्या घरीही हेच घडले होते. आंब्याची कोय त्यांनी रुजवली खरी, पण त्याभोवतीची वाळवी काढणारा, कुंपण घालणारा आणि ते रोप गुरांपासून वाचवणारा माणूस चहाचे कप उचलत होता.

पाहुण्याच्या आयुष्याची साक्ष बाग देते, हे या मालेचे गृहीत धरलेले तत्त्व असेल, तर बागेत रोज हात घालणाऱ्याची साक्ष वगळून ती पुरी कशी होईल? शेजारच्या वहिनींना पुढे बोलावण्याची जी जाण मुलाखतकार बाईंनी गच्चीवर दाखवली, तीच त्यांनी प्रत्येक सत्रात दाखवावी. पाहुणा निवडतानाही त्याच्या कीर्तीबरोबर त्याच्या नखांतील माती पाहिली जावी. आणि नसेल तर त्याच्या माळ्याला शेजारी खुर्ची द्यावी, दुसरा ध्वनिक्षेपक द्यावा आणि त्याच्या वेळेचे मानधन द्यावे. यासाठी वर्गणी शंभर रुपयांनी वाढली तरी बहुतेक सभासद ती आनंदाने देतील.

ध्वनिमुद्रणाविषयी थोडेसे. आवाज स्पष्ट आहे, कोकीळ आणि रस्त्यावरील वाहने यांचा त्रास होत नाही, परंतु संपादनात चालण्याचा, थांबण्याचा आणि झाडाजवळ वाकण्याचा वेळ सगळा काढून टाकतात. परिणामी घरी ऐकणाऱ्याला हे, ते, इकडचे, तिकडचे असे शब्द ऐकू येतात आणि कोणत्या झाडाविषयी बोलणे चालले आहे ते कळत नाही. ध्वनिमुद्रणासोबत झाडांची यादी आणि चार-पाच छायाचित्रे पाठवली तर ही अडचण राहणार नाही.

सभासद नोंदणी दसऱ्यानंतर सुरू होते आणि जागा लवकर भरतात. काटोलसारख्या बाहेरगावच्या सत्रांना बसचे भाडे वेगळे द्यावे लागते व सकाळी सातला निघावे लागते. उन्हाचा त्रास असणाऱ्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार सत्रांची अर्धी वर्गणीही घेतली जाते. प्रथमच जाणाऱ्यांनी ती घ्यावी, म्हणजे ताणावरची संत्र्याची बाग पाहायला मिळेल.