एका पानाची वेल होत नाही: होयाच्या नावावर झालेली फसवणूक

छोट्याशा कुंडीत उभं खोचलेलं एकच जाड, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं पान तुम्ही कुठे ना कुठे पाहिलंच असेल. प्रदर्शनात, भेटवस्तूंच्या दुकानात, फेब्रुवारीत तर जिथे तिथे. ते होया नावाच्या फुलवेलीचं पान. शोभेची वस्तू म्हणून कुणी ते विकलं तर माझं काही म्हणणं नाही. पण ‘हे होयाचं रोप आहे, तीन महिन्यांत वेल फुटेल, वर्षात फुलांचे घोस लागतील’ असं सांगून विकलं जात असेल, तर ते साफ खोटं आहे. आमच्या घराने या खोट्याचे पैसे मोजले, आणि आमच्यामुळे ते पान नात्यागोत्यातल्या कितीतरी घरांत गेलं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंची पंचाहत्तरी केली. आलेल्या माणसांना स्टीलचा डबा देण्यापेक्षा काहीतरी जिवंत द्यायचं, ही इच्छा त्यांचीच. त्यांना झाडांचं वेड. आमच्या कोल्हापुरातल्या, राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही इतक्या कुंड्या त्यांनी केल्या आहेत. त्याच सुमारास शहरातल्या एका प्रदर्शनात झाडांचा एक स्टॉल लागला होता. स्टॉलच्या वर टांगलेल्या कुंडीतून एक वेल खाली आली होती आणि तिला फुलं होती. तशी फुलं आम्ही दोघींनी कधी पाहिली नव्हती. फिकट गुलाबी चांदण्यांचा एक गच्च गेंद, प्रत्येक चांदणी मखमलीसारखी, मधोमध दुसरी छोटी लालसर चांदणी, आणि तिच्यावर मधाचा बारीकसा थेंब. संध्याकाळची वेळ, त्यामुळे वासही सुटला होता. सासूबाई तिथून हलेनात.

त्या वेलीखाली टेबलावर बदामी पानांच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. विकणाऱ्याने वर बोट दाखवून सांगितलं, “वहिनी, ही हिचीच पिल्लं.” एकाच पानातून वेल कशी येणार, हे सासूबाईंनी तिथल्या तिथे विचारलं. त्याचं उत्तर तयार होतं. “आजी, पानफुटी बघितलीय न्हवं? पानातनंच फुटती की. ह्ये बी तसंच.” शिवाय तो म्हणाला, “नाही फुटलं तर पैसे परत. माझी गॅरंटी.” पानफुटी आपल्याकडे घरोघरी असते, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं. एका कुंडीचे २५० रुपये, अशा ३० कुंड्यांची ऑर्डर दिली. ७,५०० रुपये यूपीआयने. बिल मागितलं, तर ‘व्हॉट्सॲपवर टाकतो’ म्हणाला. ते कधीच आलं नाही.

त्या बोलण्यातलं खोटं आता उलगडून सांगते. वर फुललेली वेल होया कार्नोसा या जातीची होती. तिची पानं लांबट, टोकदार. खाली विकायला होती ती पानं होया केरीची, म्हणजे वेगळ्याच जातीची. हिरव्याच्या हिरव्यात ते पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. आणि पानफुटीचं म्हणाल, तर तिच्या पानाच्या कडेला खाचांमध्ये मुळातच कोंब असतात, म्हणून ती कडेने फुटते. होयाच्या पानात तसं काही नसतं. त्याचा कोंब फुटतो तो डोळ्यातून, आणि डोळा असतो वेलीच्या पेरावर. नुसत्या पानाच्या देठात डोळा नाही.

आता यातली खरी मेख. ते पान मरत नाही. होयाचं पान जाड आणि पाणीदार. देठ ओल्या भुशात खोचला की खाली मुळंसुद्धा धरतात. मुळं पाणी ओढतात, पान उजेडावर आपलं अन्न आपण करतं, आणि ते दोन-दोन, तीन-तीन वर्षं टवटवीत राहू शकतं. फक्त पुढे काही होत नाही. रोप मेलं असतं तर आम्ही आठ दिवसांत त्या माणसाच्या दारात गेलो असतो. इथे पान हिरवंगार, म्हणजे ‘माल चांगला आहे’. मग फुटत का नाही? तर आपलंच काहीतरी चुकतंय. घेणाऱ्याच्या मनात हा विचार येणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याचा सगळा धंदाच त्यावर उभा आहे.

झालंही तसंच. समारंभानंतर काही महिन्यांनी फोन सुरू झाले. गडहिंग्लजच्या काकू म्हणाल्या, “अगं, माझ्या हाताला गुणच नाही बघ. तुमचं फुटलं असेल ना?” इचलकरंजीच्या नणंदेने कुंडी तीनदा जागा बदलून ठेवली होती. सासूबाई रोज सकाळी ओल्या फडक्याने पान पुसायच्या, देठापाशी काही हिरवं टोक दिसतंय का म्हणून चष्मा लावून बघायच्या. कुणीच विकणाऱ्याला दोष देत नव्हतं, जो तो स्वतःलाच दोष देत होता. मला सगळ्यात जास्त संताप याचाच आहे.

आम्ही त्याला फोन केला तेव्हा तो अजिबात गडबडला नाही. फोटो पाठवा म्हणाला, आणि फोटो बघून सांगितलं की रोपाला ताकद कमी पडतेय, ‘फ्लॉवर बूस्टर’ घाला. बाटली २८० रुपयांना. आम्ही घेतली, नातेवाइकांनीही त्याच्याकडूनच मागवली. पुढे म्हणाला, कुंडी बदलायला हवी, घरी येऊन करून देतो, व्हिजिटचे ५०० रुपये. येऊन त्याने भुसा बदलला, पान पुन्हा खोचलं आणि गेला. पैसे परत मागितले तेव्हा आधी म्हणाला घरात ऊन नाही, मग म्हणाला पाणी जास्त झालं, आणि शेवटी नंबर ब्लॉक केला. त्या बाटलीवर फुलाचं चित्र आहे आणि इंग्रजीत मोठं नाव आहे. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, तारीख नाही, छापील किंमत नाही. पॅकबंद मालावर या गोष्टी छापणं २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांनी बंधनकारक आहे. कुणीही खत किंवा टॉनिकची बाटली हातात दिली की आधी ती फिरवून हे बघा.

उलगडा केला तो फुलेवाडीच्या पुढच्या एका रोपवाटिकेतल्या वयस्कर माळीकाकांनी. सासूबाई कुंडी पिशवीत घालून घेऊन गेल्या होत्या. त्यांनी पान अलगद उपसलं, देठाचा भुसा बोटाने झाडला. खाली पांढऱ्या मुळांचा झुबका होता. देठाचं टोक सरळ कापलेलं, गुळगुळीत. “ह्येला डोळाच न्हाई की ओ आजी. मुळ्या सुटल्यात, पर कोंब येनार कुठनं? धा वरसं ठिवलं तरी आसंच ऱ्हानार.” मग त्यांनी स्वतःकडच्या होयाचा एक फाटा पुढे ओढून दाखवला. समोरासमोर दोन पानं, आणि जिथे ती वेलीला चिकटतात त्या पेरावर, पानाच्या बगलेत, मोहरीएवढा फुगीर उंचवटा. तो डोळा. “ह्ये पेर पायजे. ह्येच्याबिगर समदं वाया.” रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० मध्ये या वंशाला होया हे नाव दिलं, तेही थॉमस हॉय नावाच्या एका इंग्रज माळ्याच्या सन्मानार्थ. आमचा गुंताही शेवटी माळ्यानेच सोडवला.

तेव्हा होया घ्यायची तर कुंडीत वेलीचा तुकडा आहे का, हे आधी बघा. निदान दोन पेरं आणि पानांची एक तरी जोडी हवी, नवा फुटवा दिसत असेल तर उत्तमच. एकटं पान उभं असेल तर विकणाऱ्याला सांगा, जरा उपसून दाखवा. प्रामाणिक माणूस दाखवेल. ऑनलाइन फोटोत निळीशार फुलं असतील तर पुढे वाचूच नका. होयाची फुलं पांढरी, गुलाबी, पिवळी, लाल, तपकिरी, अगदी काळपट लालसुद्धा असतात, पण निळी होया जगात नाही, तो फोटोवर चढवलेला रंग असतो. बियांच्या पाकिटांचंही तेच. होया रुईच्या कुळातली. तिची बी रुईसारखीच शेंगेतून कापसाचा झुबका घेऊन उडणारी, आणि ती फार थोड्या काळात उगवणशक्ती गमावते. महिनोन्महिने पाकिटात पडून राहिलेल्या ‘रंगीबेरंगी होयाच्या बिया’ म्हणजे पैसे पाण्यात.

थोडं निगेबद्दलही लिहिते, कारण निगा ठाऊक नसली की ‘तुमचंच चुकलं’ म्हणणाऱ्याला तोंड मिळतं. होया रानात झाडांच्या खोडांवर चढणारी वेल. आपल्या सह्याद्रीतही तिची रानटी जात आहे. त्यामुळे तिला चिकणमाती नको, आपली काळी माती तर नकोच. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळशाचे खडे, थोडं गांडूळखत असं मोकळं मिश्रण हवं, आणि कुंडी मुळांपेक्षा थोडीशीच मोठी. भरपूर उजेड लागतो. पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊन चालतं, पण एप्रिल-मेमधलं दुपारचं कोल्हापुरी ऊन पानं भाजून काढतं. पाणी द्यायचं की नाही ते पानालाच विचारा. हलकेच दुमडून बघा, ताठ असेल तर थांबा, लवचीक झालं असेल तर द्या. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात, खोलीत उजेड कमी आणि हवा दमट असताना, रोज पाणी घातलं तर मुळं कुजणारच. कधी शेंड्यांवर पिवळाजर्द मावा दिसेल, रुईवर दिसतो तोच. पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा, राहिलाच तर कडुनिंबाचं तेल. पानांच्या बगलेत पिठ्या ढेकूण कापसासारखा बसतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा.

फुलांसाठी धीर लागतो. चांगल्या फाट्यापासून लावलेल्या कार्नोसालासुद्धा पहिल्या फुलाला बहुतेक वेळा दोन-तीन वर्षं जातात, केरीला त्याहूनही जास्त. वर्षात फुलांची हमी देणारा खोटं बोलतोय, हे एवढ्यावरून ओळखा. वेलीतून पानं नसलेला लांबलचक तंतू निघतो, तो वाळका समजून तोडू नका, त्याच्यावर पानं मागाहून येतात. आणि फुलं गळाली की उरलेला बोटभर दांडाही ठेवा, पुढच्या वर्षी त्याच दांड्यावर पुन्हा गेंद धरतो. हे सगळं माळीकाकांनी फुकट सांगितलं. आम्हाला गंडवणाऱ्याला ते माहीत नसेल असं मी मानत नाही. तो स्वतः फुललेली वेल टांगून बसला होता.

तक्रारीचं म्हणाल, तर बिल नाही म्हणून गप्प बसू नका. यूपीआयची नोंद, चॅट, फोटो, हाच पुरावा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार देता येते, विकणारा कुठलाही असो. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील लावायचीही सक्ती नाही. खोटी माहिती देऊन माल खपवणं याला कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणतात, अर्जात हेच शब्द लिहा. ऑनलाइन पैसे घेऊन मालच पाठवला नसेल आणि खातं बनावट निघालं, तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. तिथे तासांचा फरक पडतो.

आम्ही नातेवाइकांना एकेक करून फोन केले आणि सांगितलं की तुमच्या हाताला काही झालेलं नाही. गडहिंग्लजच्या काकूंना ते दोनदा सांगावं लागलं. आता सगळ्यांच्या कुंड्यांचे फोटो आणि पैसे दिल्याच्या नोंदी एकत्र करून अर्ज तयार करतो आहोत. कोल्हापूर, सांगली भागात आणखी कुणाला असंच एक पान आणि बिननावाची बाटली मिळाली असेल, तर कृपा करून बाटली फेकू नका. लेबलचे चारही बाजूंनी फोटो काढा, त्या माणसाचं चॅट डिलीट करू नका, आणि पान उपसून देठाच्या टोकाचाही एक फोटो काढून ठेवा.