कोरफड, हळद, खोबरेल की सनस्क्रीन?

मेच्या मध्यात लातुरात एक दुपार अशी येते की सव्वाबारानंतर काही क्षण उभ्या खांबाची सावली दिसतच नाही. ऊन असं नेमकं डोक्यावर असताना भाजीच्या गाड्यामागे उभं राहायचं किंवा स्कुटीवर हिंडायचं, तर तोंडाला काय लावावं? 'केमिकल नको, झाडपाल्याचं सांगा' असं बरेच जण म्हणतात. म्हणून आधी झाडपाला पाहू.

कोरफडीचा गर म्हणजे जवळपास सगळं पाणीच. भाजलेल्या कातडीला गार वाटतो, पण ऊन काही अडवत नाही. तेव्हा तो संध्याकाळी लावा, सकाळी नको.

हळदीची गंमत वेगळी. वसमतची हळद कितीही कसदार असली, तरी तिच्यातलं कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य उजेडात स्वतःच विघटित होतं. जे उन्हात टिकत नाही, ते आपल्याला काय टिकवणार? लेप लावून बाहेर पडलात तर पिवळे डाग मात्र टिकतात.

खोबरेलाचा एसपीएफ, म्हणजे कातडी भाजणारं ऊन किती अडतं याचा आकडा, प्रयोगशाळेत 8 च्या आसपास मोजला गेला आहे, पण काचेच्या भांड्यात. घामेजल्या गालावर नव्हे. ग्रीन टीतले पॉलिफेनॉल नावाचे घटक त्यातल्या त्यात दमदार. उन्हाने येणारी लाली ते कमी करतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण ते मुख्यतः आत झालेल्या नासधुशीवर काम करतात. घराला छप्पर हवं असताना डागडुजी करणारा गवंडी बोलावल्यासारखं आहे हे.

दोन गोष्टी तर उन्हात उलटतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर फोड येऊन काळे चट्टे पडू शकतात. बावचीच्या बियांत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीला अतिनील किरणांबाबत हळवं करतं, म्हणूनच कोडाच्या उपचारात वापरतात. घरी तिचा प्रयोग नको.

आता सनस्क्रीन. एसपीएफ 30 म्हणजे यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडतात, 50 ला 98 टक्के; फरक एवढाच, त्यामुळे जास्तीच्या आकड्याला जास्तीचे पैसे देऊ नका. यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांसाठी डब्यावर 'PA' या अक्षरांपुढे अधिकची (+) चिन्हं किती, ते बघा. हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून काढलेले असतात, आपण त्याच्या निम्मंही लावत नाही. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर पट्ट्या काढून लावा, आणि दर दोन तासांनी परत. रोजंदारीवरच्या बाईला हे परवडायचं नाही, हेही खरं.

'हर्बल' सनस्क्रीन घेणार असाल तर मागची यादी वाचा. झिंक ऑक्साइड असेल तर खरं काम तेच करतं, कोरफड फोडणीपुरती. झिंक किंवा ऊन अडवणारा दुसरा कुठलाच घटक (फिल्टर) नसेल तर डबा खाली ठेवा.

माझं विचाराल तर: रानात असाल तर दाट विणीची दस्ती, पूर्ण बाह्या आणि पदर, वर झिंकचं क्रीम फक्त नाक-गालांवर. शहरात असाल तर एसपीएफ 30. ट्यूब मात्र स्कुटीच्या डिकीत ठेवू नका. लातूरच्या मेमध्ये ती तिथेच बिघडते.