बीट बनवायला एमपीसी घेऊ की लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ?

एमपीसी म्हणजे पॅडवर बोटांनी वाजवून बीट बनवायचं मशीन, एफएल स्टुडिओ म्हणजे तेच काम लॅपटॉपवर करणारं सॉफ्टवेअर, आणि बीट म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत. हा प्रश्न सारखा येतो आणि चर्चा बहुतेक वेळा "बजेट किती आहे भावा" इथेच संपते. पैसा महत्त्वाचा आहेच, पण त्याच्या आधी एक ठरव, तुला रॅप करायचंय आणि त्यासाठी बीट हवीय, का बीट बनवणं हेच तुझं काम असणारे? कारण दोघांसाठी उत्तर वेगळंय.

रॅप करणार असशील तर लॅपटॉप. आवाज रेकॉर्ड करायचा, डबल्स टाकायचे (तीच ओळ परत म्हणून पहिलीवर चढवायची), मिक्स करायचं, उद्या एक ओळ परत घ्यायची, हे सगळं एका स्क्रीनवर होतं आणि एमपीसीवर हेच करताना जीव जातो (होतं सगळं, पण नको). फक्त एफएल घेताना नीट बघ, सगळ्यात स्वस्त फ्रूटी एडिशनमध्ये ऑडिओ रेकॉर्डिंग नाहीये, आवाज टाकायचा तर प्रोड्यूसर एडिशन लागते, आणि एकदा घेतली की पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट. फुकटच्या ट्रायलमध्ये एक्सपोर्ट होतं (गाण्याची फाइल काढता येते), प्रोजेक्ट सेव्हही होतो, पण विकत घेईपर्यंत तो परत उघडत नाही, म्हणजे बीट एकाच बैठकीत संपवायची. सुरुवात म्हणून ते वाईट नाही, उलट हात सुटतो. आणि महागडं सामान नसेल तर थांबू नकोस, कुर्ल्याच्या रॅपर नेझीने २०१४ मध्ये गाजलेलं गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं होतं, व्हिडिओसुद्धा त्यावरच शूट केला.

आता बीटवाल्यांसाठी, कारण खरी मजा इथे आहे.

एमपीसी १९८८ मध्ये आली, रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी बनवलेली एमपीसी ६०, वर चार बाय चार असे १६ रबरी पॅड. त्याच्या आदल्याच वर्षी ई-म्यू कंपनीची एसपी-१२०० आली होती, तीही सॅम्पल म्हणजे रेकॉर्डमधून उचललेला तुकडा वाजवणारं मशीन, आणि न्यूयॉर्कच्या त्या काळातल्या बूम बॅपचा (जड ड्रमवाल्या हिप-हॉपचा) खरखरीत आवाज बराचसा तिच्यातून आलाय. सगळी मिळून फक्त १० सेकंदांची मेमरी, एक सॅम्पल जास्तीत जास्त अडीच सेकंदांचं. मग पोरांनी काय केलं, मिनिटाला ३३ फेऱ्यांची एलपी ४५ फेऱ्यांवर पळवून रेकॉर्ड केली, म्हणजे साधारण ३.४ सेकंदांचं गाणं अडीच सेकंदांत मावलं, आणि मग मशीनमध्ये पिच (सूर आणि वेग) खाली आणून परत मूळ वेगाला आणलं. १२ बिटचं म्हणजे आवाज थोडा ढोबळ साठवणारं मशीन, त्यात हे ताणणं, त्यामुळे आवाजाला जी धार आली ती आज लोक प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) विकत घेऊन आणतात. म्हणून "जुन्या मशीनचा आवाजच वेगळा" हे खरंय, पण नवीन एमपीसी घेऊन तो आवाज आपोआप येणार नाही, ती स्वच्छ वाजते. त्या आवाजासाठी एमपीसी घेत असशील तर घेऊ नकोस.

एमपीसी घ्यायची ती हातासाठी. सॅम्पल लोड केलं, गाणं चालू असताना जिथे तुकडा हवा तिथे पॅड मारत गेलास की कापलेले तुकडे १६ पॅडवर येऊन बसतात, मग ते उलटसुलट वाजवत बसायचं, वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) बघायची गरजच पडत नाही. आणि स्विंग, म्हणजे काही ठोके मुद्दाम किंचित उशिरा पाडणं. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) एक सोळावा ठोका, म्हणजे एका ठोक्याचा पाव भाग, साधारण १६७ मिलिसेकंदांचा असतो, एमपीसीवर स्विंग ५० वरून ५४ केला की प्रत्येक दुसरा सोळावा ठोका १३ मिलिसेकंद उशिरा पडतो, ५८ केला की २७. एवढंसंच, पण मान डोलायला लागते. डेट्रॉइटच्या बीटमेकर जे डिला याने तर बऱ्याचदा ठोके आपोआप सरळ करणारं करेक्शनच (क्वांटाइझ) बंद ठेवलं, हातानेच वाजवलं, काही ठोके मागे काही पुढे, आणि त्यातून ड्रमची एक नवीन चालच तयार झाली, त्याची एमपीसी ३००० आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलीय.

हे एफएलमध्ये होत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. १९९७ ला फ्रूटीलूप्स नावाने बेल्जियममध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर लोक खेळणं समजायचे, आणि नाइन्थ वंडर या प्रोड्यूसरने त्यावरच जुन्या सोल गाण्यांचे सॅम्पल कापून २००३ मध्ये रॅपर जे-झीच्या अल्बममध्ये बीट दिली. फरक सवयीचा आहे. एफएल उघडलं की समोर चौकटी दिसतात, माऊसने चौकटीत ठोके भरत जातोस आणि सगळं ग्रिडवर सरळ बसतं, ते मोडायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. एमपीसीवर सुरुवातच हाताने होते.

हलगी किंवा ढोलकी वापरणार असशील तर हा मुद्दा मोठा होतो. माणसाने वाजवलेली ढोलकी ग्रिडवर बसत नाही, तिला ताणून बसवली की कडक होते, तिच्यातली लचक जाते. मी तरी ढोलकीचे बोल वेगवेगळे कापून पॅडवर घेईन आणि किक-स्नेअर (ड्रमचे मुख्य दोन आवाज) तिच्या मागे वाजवेन, तिला त्यांच्या मागे नाही. (जुन्या गाण्यातून घेणार असशील तर लक्षात ठेव, आपल्याकडे रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षं चालतो, पण चालीचा आणि शब्दांचा हक्क रचनाकार गेल्यानंतरही ६० वर्षं राहतो, म्हणजे रेकॉर्ड जुनी आहे एवढ्याने सुटत नाही.)

याउलट ट्रॅप किंवा ड्रिल (रॅपचे नवे प्रकार) बनवायचं असेल तर विचारच करू नको, एफएल. हायहॅटचे (झांजेचे) भरभर रोल, ८०८ चा (रोलंडच्या जुन्या ड्रम मशीनचा) बेस एका सुरावरून दुसऱ्यावर घसरवणं, हे पियानो रोलमध्ये (सूर मांडायची एफएलची खिडकी) दोन मिनिटांचं काम आहे, मेट्रो बूमिनसारखे प्रोड्यूसर त्यावरच काम करतात.

मधला रस्ता पण आहे. लॅपटॉप आधीच असेल तर एफएल आणि एक साधा १६ पॅडचा कंट्रोलर (स्वतः आवाज न करता लॅपटॉपला जोडून वाजवायचे पॅड), क्वांटाइझ बंद करून रोज वाजव, एमपीसीचं निम्म्याहून जास्त सुख मिळतं आणि पैसे खूप वाचतात. माझा सल्ला बहुतेकांना हाच असतो. रोलंडची एसपी-४०४ एमके टू, सॅम्पल वाजवायचं छोटं मशीन, पण लोक सुचवतात, सहा पेन्सिल सेलवर चालते, तिचे इफेक्ट जबरदस्त आहेत आणि लो-फायसाठी (धूसर, निवांत बीट) मस्तच, पण अख्खं गाणं रचायला ती मला अवघड वाटते, दुसरं मशीन म्हणून घे. अगदीच पैसे नसतील तर मोबाईलवर कोआला सॅम्पलर हे ॲप टाक, सॅम्पल कापायची सवय तिथे फुकटासारखी लागते.

एमपीसी घ्यायची तर स्टँडअलोनच घे, जी लॅपटॉपशिवाय चालते, नाहीतर तो महागडा कंट्रोलरच झाला. एमपीसी वनला बॅटरी नाही, लाइव्ह टू ला आहे आणि स्पीकरही आहेत, ट्रेनमध्ये किंवा गच्चीवर बसून करायचं असेल तरच तेवढे जास्त पैसे घाल. एमपीसी २००० एक्सएल वगैरे जुनी मशीन स्वस्तात दिसली तरी पहिलीच म्हणून नको, फ्लॉपी आणि पार्ट शोधण्यात महिने जातील. सेकंडहँड घेताना सोळाच्या सोळा पॅड एकदा हलक्या बोटाने आणि एकदा जोरात मारून बघ, एका टॅपला दोनदा वाजणारा पॅड असेल तर भाव पाड किंवा सोडून दे.