कौलारू घरात लाकडाची शेगडी बसवली त्याचा अनुभव (जांबोटी-कणकुंबी पट्टा, एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा वापरून)

पहिलंच सांगते, शेगडी लहान घ्या आणि वाचलेले पैसे धुराड्यावर आणि जळण वाळवण्यावर घाला. बाकीचं सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागातल्या कुणी लिहिलेलं मला शोधून सापडलं नाही, जे मिळतं ते बर्फाच्या देशातलं नाहीतर मनाली-काश्मीरकडच्या बुखारीचं (तिकडची पत्र्याची, धुराड्याची शेगडी), आणि तिकडची गरज वेगळी, आपली वेगळी.

आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या बाजूला. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, सोप्यावर लाकडी माळा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारठा असतो, तो घोंगड्यात निभतो हो, पण आमचा खरा त्रास ओलीचा. मृग लागला की गणपतीपर्यंत कपडे म्हणून वाळत नाहीत, पोरांचे युनिफॉर्म इस्त्रीनं वाळवायचे, गाद्यांना वास, कपाटाच्या मागं बुरशी, आणि सासूबाईंना दमा. त्यात झाड पडून लाईट गेली की कधी कधी दुसऱ्या दिवशीच येते. म्हणजे खोली नुसती गरम करून भागत नव्हतं, कोरडी करायची होती, आणि तीही लाईट नसताना.

इलेक्ट्रिक हीटर का नाही तेही सांगते. दोन हजार वॉटचा हीटर रोज चार तास लावला तर 8 युनिट, महिन्याला 240. गृहज्योतीची (कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना) मर्यादा जास्तीत जास्त 200 युनिटची, ती ओलांडली की पूर्ण बिल भरायचं. त्यापेक्षा चांगलं वाळलेलं लाकूड एक किलो जाळलं की साधारण 4 युनिटची उष्णता निघते, शेगडी बरी असली तर त्यातली निम्म्याहून जास्त खोलीत राहते. म्हणजे तासाला किलोभर लाकडात त्या हीटरएवढं काम होतं, आणि आमच्या बांधावर अकेशिया, सुरू, काजूच्या छाटलेल्या फांद्या असतातच.

आणि कोळशाची उघडी शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपणं, हे कृपा करून कुणी करू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस झोपेतच जातो. आमच्याकडं बाळंतिणीच्या खोलीत अजून शेगडी ठेवतात म्हणून मुद्दाम लिहिते. धुराड्याची शेगडी असली तरी खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, आम्ही बॅटरीवरचा लावलाय.

शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं की सोप्यातच धूर नसलेली चूल घालून घे, कशाला विकतची. बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेतल्या अस्त्र विभागानं (1974 साली सुरू झालेला) काढलेली ‘अस्त्र ओले’ (कन्नडात ओले म्हणजे चूल) आपल्याकडं बऱ्याच जणांनी ऐकलेली असेल, तीन भांड्यांची, धुराड्याची, स्वयंपाकाला चांगलीच. पण चांगली चूल उष्णता भांड्यात ढकलायला बनवलेली असते, खोलीत नाही. म्हणजे जी चूल जितकी चांगली तितकी ती खोली कमी तापवणार. मला उलटं पाहिजे होतं, पत्रा तापून चारी बाजूंनी धग देणारी वस्तू.

मग राहिले तीन पर्याय. बाहेरून येणारी बिडाची, काचेच्या दाराची शेगडी, दिसायला देखणी, पण किंमत लाखाच्या पुढं आणि काच फुटली तर आणायची कुठनं. दुसरी पहाडी पत्र्याची बुखारी, स्वस्त, पटकन तापते, पण पत्रा पातळ, आमच्या ओलीत दोन वर्षांत गंजून भोकं पडतील. तिसरा पर्याय इथंच फॅब्रिकेशनवाल्याकडनं बनवून घ्यायची. बेळगावला उद्यमबागेत वेल्डिंगची, फाउंड्रीची एवढी कामं चालतात, तिथं जाऊन 5 एमएमच्या एमएस प्लेटची (साध्या पोलादी पत्र्याची) बनवून घेतली. आत खाली आणि तिन्ही बाजूंना फायरब्रिक (धग सोसणाऱ्या विटा), वर तिरकी बॅफल प्लेट (ज्वाळा अडवून वळवणारा पत्रा), दाराला काच नाही. काच मी मुद्दाम नको म्हटलं, कारण तिथं साधी टफन ग्लास लावून देत होते, ती 250-300 डिग्रीच्या पुढं टिकत नाही, सिरॅमिक काच पाहिजे जी 700 पर्यंत चालते आणि ती महाग. ज्वाळा बघायची हौस असेल तर सिरॅमिकच मागा.

बॅफलशिवाय शेगडी बिलकुल घेऊ नका. ती नसली तर ज्वाळा सरळ धुराड्यात जाते आणि तुम्ही आभाळ तापवत बसता. बॅफल असली की ज्वाळा पुढं वळून येते, आणि वरच्या बाजूला छोट्या भोकांतनं जी दुसरी हवा सोडलेली असते तिच्यामुळं धूरसुद्धा पेटतो. आमच्यात एक आडवा पाइप आहे, त्याला भोकं पाडलेली आहेत. शेगडी चांगली तापल्यावर दार किंचित उघडून बघितलं की त्या प्रत्येक भोकापाशी निळसर-पिवळी ज्योत दिसते, लाकडाला न चिकटता अधांतरी. तसं दिसलं की बाहेर जाऊन धुराड्याकडं बघा, धूर जवळजवळ नसतो. अमेरिकेत 2020 पासून नवीन शेगडीला तासाला 2 ग्रॅमच्या वर धुराचे कण सोडायला परवानगी नाही (खरे ओंडके घालून चाचणी केली तर 2.5). बनवून घेतलेल्या शेगडीची अशी चाचणी कोण करून देणार, म्हणून धूर दिसतोय का नाही हीच आपली चाचणी.

आता साइज. फॅब्रिकेशनवाले म्हणत होते, "अक्का, मोठीच करून घ्या की, परत परत खर्च नको, एकदा लाकडं भरली की रात्रभर बघायला नको." इथंच बहुतेक जण फसतात. मोठी शेगडी लहान खोलीत पेटवली की खोली भट्टी होते, मग माणूस हवा बंद करून ती धुमसत ठेवतो, आणि धुमसणारी आग म्हणजे धूर, धूर म्हणजे धुराड्यात डांबर. ते डांबर साठून एक दिवस पेटलं की धुराडं लालभडक होतं, आणि वर लाकडी वासे असले तर पुढचं सांगायला नको. चंदगडकडं आमच्या नणंदेकडं मोठी आहे, तिच्या धुराड्यातनं दर महिन्याला चकचकीत काळी कड निघते, खरवडून निघत नाही. आमच्यात निघते ती कोरडी, भुरभुरीत काजळी, एका चहाच्या कपात मावेल एवढी. लहान शेगडी जोरात पेटलेली ठेवायची, विझली की विझू द्यायची. आमची आत दीड फूट लांबीचं लाकूड घेते, त्याहून मोठं नाही, आणि बारा बाय चौदाच्या सोप्याला ती पुरून उरते.

धुराड्याला शेगडीपेक्षा जास्त पैसे गेले आणि ते सत्कारणी लागले असं मी म्हणेन. 304 स्टीलचा पाइप, सहा इंची. पत्र्याचा जीआय पाइप स्वस्त पडतो पण आमच्या पावसात टिकणार नाही. पाइपाची तोंडं कशी बसवायची यावरनं मिस्त्रींबरोबर बराच वाद झाला. ते म्हणाले वरचा पाइप खालच्यावर टोपीसारखा बसवतो, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. बाहेरून बघितलं तर बरोबर वाटतं, पण आतून जे काळं पाणी ओघळतं ते मग सांध्यातनं बाहेर येऊन पाइपावर, भिंतीवर उतरतं. वरच्या पाइपाचं निमुळतं टोक खालच्या पाइपाच्या आतच गेलं पाहिजे, म्हणजे ओघळ परत शेगडीत जाऊन जळतो. पावसासाठी सांध्याला सील आणि कौलांच्या वर कॉलर, हा वेगळा उपाय. आमच्याकडं तसं केलंय आणि अख्ख्या पावसाळ्यात भिंतीवर एक डाग नाही.

उंचीचा नियम असा, पाइप छपरातनं जिथं बाहेर पडतो तिथनं किमान 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आत जे काही उंच असेल (कौलांचा आढा धरून) त्याच्यापेक्षा 2 फूट वर. आम्हाला यासाठी पाइप बराच वर न्यावा लागला, तीन तारांनी ताणून बांधलाय, कारण वाराही असतो आणि माकडंही. माळ्यातनं पाइप जातो तिथं लाकूड चारी बाजूंनी दीड फूट कापून पत्र्याची चौकट केली. शेगडीपासून लाकूड-कपडा तीन फूट लांब. जांभ्याची भिंत जळत नाही, तो आपल्याकडच्या घरांचा मोठाच फायदा. खाली शहाबादी फरशी होती, ती तापून फुटू शकते म्हणून वर विटांचा थर घातला.

जळणाचं तर वेगळंच प्रकरण आहे आणि मला वाटतं यश-अपयश सगळं तिथंच ठरतं. ओल्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणी असू शकतं, ते पाणी वाफ होण्यातच बरीच धग खर्च होते. शेगडीत घालायचं लाकूड 20 टक्क्यांच्या आत ओल असलेलं पाहिजे. आपल्याकडं अडचण अशी की जुलैच्या हवेत नुसतं उघड्यावर ठेवलेलं वाळलेलं लाकूडसुद्धा परत हवेतली ओल ओढून त्या मर्यादेला जाऊन भिडतं. म्हणून वाळवायचं ते होळीच्या आधी फोडून, मार्च ते मे उन्हात, आणि रोहिणीतच आत भरायचं. जुन्या माणसांची पावसाळ्याच्या बेगमीची शिस्त होती तीच, त्यात बदल काहीच नाही. फक्त फोडून ठेवा, गोल ओंडका साल असेपर्यंत आतनं वाळत नाही.

ओल मोजायचं मीटर हजारभर रुपयांत मिळतं, ते घ्याच, आणि लाकूड नव्यानं फोडून आतल्या बाजूला टोचा, बाहेरनं टोचलं तर खोटं सांगतं. मीटर नसेल तर दोन फळकुटं एकमेकांवर आपटा, वाळलेलं खणखणतं, ओलं धप्प करतं.

अकेशिया आम्हाला सगळ्यात सोयीची पडली, जड आहे, निखारा बराच वेळ राहतो. बाभूळ सगळ्यात चांगली पण ती सौंदत्ती-बैलहोंगलच्या काळ्या रानातली, वखारीतनं विकत आणावी लागते. सुरू पटकन पेटतं. निलगिरी ओली असतानाच फोडा, वाळली की पीळ पडून कुऱ्हाड अडकते. आंबा, सावर असलं हलकं लाकूड फक्त पेटवायला. करवंट्या एक-दोन ठीक, भरून घालू नका, फार भडकतात. प्लायवूड, रंग दिलेली फळी, प्लास्टिक अजिबात नाही. आणि जंगलातनं तोडून आणू नका, आमच्या बाजूला भीमगड अभयारण्य आहे, त्यातनं होणारा त्रास वेगळा आणि जंगलाचं नुकसान वेगळं.

पेटवायची पद्धत मी उलटी करते, जाड लाकडं खाली, बारीक वर, त्याच्यावर सुरूच्या काटक्या, आणि आग वरनं. सासूबाई बघून म्हणाल्या, "अगं, अशी कधी चूल पेटते का?" पण पेटते, आणि धूर निम्म्यानं कमी होतो कारण खालनं निघणारा धूर वरच्या आगीतनं जातो. पावसाच्या धुक्यात धुराडं गार पडलेलं असलं की धूर खोलीत उलटा येतो, तेव्हा आधी पेपरचा एक बोळा पेटवून वर बॅफलच्या मागं धरायचा, पाइपात भर्रर्र आवाज आला की ओढ लागली समजायची, मग बाकीचं पेटवायचं. आता सासूबाई स्वतः पेटवतात, मला लागत नाही.

फरक काय पडला? संध्याकाळी पेटवली की तीन-चार तासांत चार-पाच किलो लाकूड जातं, सोपा आणि शेजारची खोली कोरडी होते. तीन फूट लांब वळणी बांधलीय, पोरांचे युनिफॉर्म झोपायच्या आधी वाळतात. कपाटामागची बुरशी या वर्षी परत आली नाही. सासूबाईंना दम्याचा त्रास अजून आहे, तो शेगडीनं जाणार नव्हताच, पण रात्रीचा खोकला पावसाळ्यात कमी होता असं त्या स्वतः म्हणतात. स्वयंपाकघरात मात्र काही पोचत नाही, तिथं माळा नाही, वर नुसती कौलं, सगळी गरम हवा फटींतनं निघून जाते. ज्यांच्या घराला माळा किंवा सीलिंग नाही त्यांनी शेगडीच्या समोर बसण्यापुरतीच ऊब धरावी. आणि पावसाळ्यात शेगडीवर पाण्याचं भांडं ठेवू नका, बाहेरच्या व्हिडिओंत ठेवतात ते त्यांच्या कोरड्या हवेसाठी, आपल्याला आहे ती ओलच घालवायची आहे.

तक्रारी पण आहेत. दार पहिल्या महिन्यात वाकलं, कारण दाराला अँगलची फ्रेम दिली नव्हती, नुसती प्लेट होती, आणि फटीतनं हवा जाऊन आग आवरेना. बनवणाऱ्यांनी आधी टाळाटाळ केली, मग बदलून दिलं. ऑर्डर देतानाच दाराला फ्रेम आणि फायबरग्लासची दोरी पाहिजे असं कागदावर लिहून घ्या. पहिल्या दोन-तीन पेटवण्या अंगणात करा, रंग भाजून एवढा वास सुटतो की घरात थांबवत नाही. राख दुसऱ्या दिवशीपण आत जिवंत निखारा ठेवते, ती झाकणाच्या लोखंडी बादलीतच काढायची, प्लास्टिकच्या घमेल्यात किंवा शेणीच्या ढिगाजवळ नाही. आणि वापर थांबला की राख आत ठेवू नका, ती ओल धरून तळ खाते. आम्ही उन्हाळ्यात आतनं झाडून, जुनं तेल पुसून, दार उघडं ठेवतो. पाइपाचा ब्रश होळीनंतर एकदा आणि श्रावणात एकदा.

बेळगावात टिळकवाडी-शहापूरकडं स्लॅबच्या घरात घ्यायची असेल तर आधी दोन गोष्टी बघा. खिडक्या ॲल्युमिनियमच्या घट्ट असतील तर शेगडीसाठी बाहेरनं हवा यायला भिंतीत वेगळं भोक लागेल, नाहीतर धूर आत येणार. आणि शेजाऱ्याची गच्ची, खिडकी तुमच्या धुराड्याच्या तोंडासमोर असेल तर नकोच, कितीही चांगली जळली तरी पेटवताना दहा-पंधरा मिनिटं धूर होतोच. आमच्यासारखं सुटं घर, स्वतःचं जळण आणि ते वाळवायला जागा असेल तरच खर्च करा. कुणाला बनवून घ्यायची असेल तर आमच्या शेगडीची मापं लिहून देते, फक्त सोप्याची लांबी-रुंदी आणि वर माळा आहे का एवढं सांगा.