डोंगराच्या कुशीतली पुळण की मोकळा, सरळ किनारा?

एकाच किनारपट्टीवर बहुधा दोन्ही सापडतात. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील, तर मी वळणातली पुळणच निवडेन. पुढे आलेला कडा लाटांचा जोर आधीच मोडतो आणि पाणी घोट्याशी खेळत राहतं. एक खोट आहे: तिथलं पाणी लवकर बदलत नाही, म्हणून मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस उतरू नये. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात वाळूही चिंचोळी होते, तेव्हा ओहोटीची वेळ गाठावी.

मोकळ्या किनाऱ्यावर वारा, जागा, लांबवर चालणं, सगळं भरपूर. पण पाण्यात शिरण्याआधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून पाहा. फुटणाऱ्या पांढऱ्या लाटांच्या मधेच एखादा शांत, गडद पट्टा दिसतो. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते, आणि बऱ्याचदा आत ओढणारा प्रवाह नेमका तिथेच असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. लाल-पिवळे झेंडे लावलेले असतील, तर त्यांच्या मधेच उतरा, जीवरक्षकांची नजर तिथे असते.