फुलदाणीत टाकायची पुडी: गुलाबाला हवीच, जरबेऱ्याला मात्र नको

डच गुलाबांची गड्डी घेताना काही दुकानदार हल्ली सोबत पावडरची एक चपटी पुडी देतात आणि बहुतेक घरांत ती वेष्टनाच्या कागदाबरोबर कचऱ्यात जाते. क्रिसल, फ्लोरालाइफ यांसारख्या परदेशी कंपन्यांचे हे फुलखाद्य ऑनलाइन सुटेही मिळते. गुलाब, कार्नेशन, लिलियम आणि गुलछडीच्या काड्या यांच्यासाठी मी अशा पुड्या नियमाने वापरत आलो आहे आणि शक्य तेव्हा त्याच गड्डीतली काही फुले शेजारी साध्या पाण्यात ठेवून फरक पाहिला आहे. माझे मत असे की ही पावडर तिच्या किमतीला पुरेपूर उतरते, परंतु ती कोणत्या फुलाला द्यायची आणि किती पाण्यात मिसळायची हे न समजता वापरली तर फायदा तर होत नाहीच, उलट नुकसान होऊ शकते.

पुडीत मुख्यतः तीन गोष्टी असतात: साखर, सायट्रिक आम्लासारखे एखादे आम्ल आणि जंतुनाशक. झाडापासून तोडल्यावर फुलाचा अन्नपुरवठा बंद होतो, पण श्वसन चालूच राहते. कळी उमलण्यासाठी आणि पाकळीचा रंग टिकण्यासाठी लागणारी ऊर्जा ही साखर पुरवते. आम्लामुळे पाण्याचा सामू (आम्लतेचे माप, पीएच) साडेतीन ते पाचच्या दरम्यान येतो आणि असे पाणी देठातून अधिक सहज वर चढते. जंतुनाशकाचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण कापलेल्या टोकातून झिरपणाऱ्या रसावर जिवाणू झपाट्याने वाढतात, देठातील पाणी वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नलिका त्यांच्यामुळे बुजतात आणि फुलदाणी पाण्याने भरलेली असूनही फूल तहानलेलेच राहते. घरोघरी पाण्यात नुसती साखर घालण्याचा जो उपाय केला जातो, तो म्हणूनच अपुरा आहे. त्या साखरेवर फुलाआधी जिवाणू पोसले जातात. तांब्याचे नाणे टाकण्याचा उपायही असाच निरुपयोगी आहे, कारण जिवाणूंना आळा बसेल इतके तांबे त्यातून पाण्यात उतरत नाही.

गुलाबाच्या बाबतीत पुडीचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसला. साध्या पाण्यातील कळ्या अर्धवट उमलून थांबल्या आणि त्यांतल्या काहींनी तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान टाकली, तर खाद्य घातलेल्या पाण्यातील फुले पूर्ण उमलली, त्यांचा लाल रंग निळसर पडला नाही आणि पाणीही शेवटपर्यंत स्वच्छ राहिले. लिलियमच्या वरच्या लहान कळ्या आणि गुलछडीच्या काडीवरील शेंड्याकडच्या कळ्या उमलण्यासाठीही साखरेचा उपयोग होतो. गुलछडीची खालची फुले कोमेजताच खुडत गेल्यास वरच्या कळ्यांना अधिक वाव मिळतो.

जरबेऱ्याला मात्र मी ही पुडी देत नाही. त्याचा देठ मऊ आणि लवदार असतो, पाण्यात जितका बुडेल तितका लवकर सडतो, आणि त्याची अडचण अन्नाच्या कमतरतेपेक्षा देठाच्या सडण्याची व वाकण्याची अधिक असते. म्हणून व्यावसायिक हाताळणीत जरबेऱ्यासाठी साखरेऐवजी क्लोरीन हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या वापरतात. घरी स्वच्छ फुलदाणीत चार-पाच सेंटिमीटर पाणी घेऊन ते रोज बदलले, तरी जरबेरा चांगला टिकतो.

पाण्याचे प्रमाण हा या उत्पादनाच्या वापरातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. साधारणपणे १० ग्रॅमची पुडी १ लिटर पाण्यासाठी आणि ५ ग्रॅमची अर्ध्या लिटरसाठी असते, पण आपली फुलदाणी किती पाण्याची आहे हे फार थोड्या घरांत कुणी मोजलेले असते. दोन लिटरच्या फुलदाणीत लहान पुडी टाकली की साखर जिवाणूंना पुरते आणि जंतुनाशक मात्र त्यांना रोखण्याइतके उरत नाही. अशा पाण्यापेक्षा रोज बदललेले साधे पाणी बरे. पातळी खाली गेल्यावर वरून नुसते पाणी ओतल्यानेही हेच घडते, म्हणून भरही त्याच प्रमाणात मिसळलेल्या द्रावणाची घालावी. बोअरवेलच्या जड पाण्यात पावडरीतील आम्लाचा बराच भाग पाण्यातील क्षारांशी झुंजण्यातच संपतो. सोसायटीच्या सॉफ्टनरमधून आलेले पाणीही टाळावे, कारण त्यातील सोडियम गुलाबाला आणि कार्नेशनला मानवत नाही. शिवाय हे द्रावण आम्लधर्मी असल्याने पितळी तांब्यात किंवा जस्ताच्या बादलीत ते ठेवू नये. काच, चिनी माती किंवा प्लास्टिक योग्य.

यापुढची गोष्ट पुडीच्या हातात नाही, आणि तिची जाहिरात करणारे ती सहसा सांगत नाहीत. फूल किती टिकेल हे बहुतांशी ते आपल्या घरी येण्यापूर्वीच ठरलेले असते. फुलाचे श्वसन ३० अंश सेल्सिअसला २ अंशांच्या तुलनेत ४५ पटींपर्यंत वाढू शकते. म्हणजे एप्रिल महिन्यात टेम्पोच्या पत्र्याखाली दुपार काढलेल्या गड्डीने आपल्या आयुष्याचा मोठा भाग रस्त्यातच खर्च केलेला असतो. मावळातील पॉलिहाऊसमधून व्हॅलेंटाइन दिनासाठी परदेशी जाणारे गुलाब कळी घट्ट असताना आणि पाकळ्या नुकत्या सैल होऊ लागल्या असताना तोडतात, लगेच पाण्यात ठेवतात, शीतगृहात २ ते ४ अंशांपर्यंत थंड करतात आणि तीच थंडी पुढेही टिकवण्याचा प्रयत्न करतात. तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेत शेतकऱ्यांना काढणीनंतरच्या हाताळणीचे प्रशिक्षण मिळते आणि मावळातील अनेक उत्पादक ही साखळी उत्तम सांभाळतात. मला मनापासून खटकते ते हे, की निर्यातीच्या पेटीसाठी घेतली जाणारी ही काळजी स्थानिक बाजारात येणाऱ्या त्याच प्रतीच्या फुलाच्या वाट्याला क्वचितच येते. उन्हात तापलेल्या आणि दोन दिवस बादलीत पाण्याविना पडलेल्या गुलाबाला कोणतीही पावडर पुन्हा ताजे करू शकत नाही.

मात्र थंडी सगळ्याच फुलांना चालत नाही. अँथुरियम आणि ऑर्किड ही उष्ण प्रदेशातील फुले घरच्या फ्रिजमध्ये काळवंडतात, त्यांना सावलीची मोकळी जागाच मानवते.

कार्नेशनची गोष्ट वेगळी आहे. त्याचा शत्रू इथिलीन हा वायू आहे. पिकणारे आंबे आणि केळी तो सोडतात, धुरातही तो असतो आणि त्याच्या संपर्कात कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून फूल मिटल्यासारखे दिसते. त्यामुळे फळांच्या टोपलीशेजारी किंवा देवघरातील धूप-उदबत्तीजवळ कार्नेशनची फुलदाणी ठेवू नये. काळजीवाहू उत्पादक तोडणीनंतर फुलांना सिल्व्हर थायोसल्फेटचे द्रावण पाजतात किंवा १-एमसीपी या वायूची प्रक्रिया देतात, आणि हे संरक्षण घरच्या पुडीने मिळत नाही.

पुडी वापरण्यापूर्वी फुलदाणी साबणाने घासून धुवावी, पाण्यात बुडणारी पाने काढावीत आणि देठाचे खालचे दोन-तीन सेंटिमीटर धारदार चाकूने, शक्यतो पाण्याखाली, तिरके कापावेत. बोथट कात्रीने देठ चेचला जातो, आणि कोरडे टोक न कापता पाण्यात ठेवल्यास आत शिरलेली हवा नलिकांमध्ये अडकून पाण्याचा चढ थांबवते. एवढी तयारी करायची नसेल, तर पुडीवर पैसे घालवू नयेत. तयारी असेल, तर गुलाब, लिलियम आणि गुलछडीसाठी ती जरूर घ्यावी. दहा-वीस पुड्यांचा संच एकदम घेतल्यास प्रत्येक पुडीचा खर्च गड्डीच्या किमतीपुढे किरकोळ ठरतो. संच मात्र हवाबंद डब्यात ठेवावा, कारण पावसाळ्यातील दमट हवेत पावडरीचे खडे बनतात आणि मग तिचे माप नीट घेता येत नाही.